बदलीबाईची रजा

ऑफिसात तिला सगळे बदलीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण अशी नावं कानावर येतातच, आणि खोटं कशाला बोला, तिला ते मनातून आवडायचंही. शेअर ब्रोकरची ती पेढी. लोक आपली जन्माची पुंजी दुसऱ्या पेढीतून उचलून इकडे आणत आणि येताना हट्ट घेऊन येत, मला माझा तोच इंडेक्स फंड पाहिजे. इंडेक्स फंड म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर जसेच्या तसे घेणारा फंड. आता तोच फंड इथं मिळायचा नाही, किंवा मिळालाच तर दर खरेदीला असं शुल्क लागायचं की ऐकणाऱ्याचे डोळे पांढरे व्हावेत. मग साहेब म्हणायचे, "बाईंकडे जा." आणि बाई त्या फंडाची बदली काढून द्यायची. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या नावाचा फंड, पण आत त्याच कंपन्यांचे तेच शेअर, आणि खर्च निम्म्याहून कमी.

तिची पद्धत अगदी साधी होती. जुन्या फंडाची काही वर्षांची चाल निळ्या रेघेनं काढायची, तिच्यावर नव्या फंडाची लाल रेघ ठेवायची आणि मग डोळे स्क्रीनला लावून बसायचं. लाल रेघेखालून निळी कुठंही डोकावली, की म्हणायची, "फट आहे. नको." फट हा तिचा आवडता शब्द. दाराला फट नको, भांगाला फट नको, बोलण्यात फट नको. ऑफिसातली पोरं मागून नक्कल करायची, पण नड आली की तिच्याच टेबलापाशी रांग लावायची.

रजेवर जायच्या आधीच्या आठवड्यात तिच्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर आले. माणूस मोठा चिकट. बायको गेल्यावर तिनंच निवडलेला फंड त्यांनी सांभाळला होता, तो तोट्यात होता आणि इथं महागही पडत होता.

"मास्तर, विकून टाका. झालेला तोटा करात दाखवता येईल," ती म्हणाली. "महिनाभर दुसरा घ्या. वाटलं तर नंतर या परत तुमच्या फंडाकडे."

"महिनाभर कशाला? उद्याच घेतो परत."

"घ्याल, पण महिन्याच्या आत घेतलात तर कर खातं म्हणेल, तुम्ही विकलंच नाहीत. गेलातच नाहीत तर तोटा कसला? तोच फंड नको, आणि हुबेहूब तोच वाटेल असाही नको. एरवी मी फट ठेवत नाही, पण इथं थोडी ठेवावीच लागते."

"म्हणजे दुधाची तहान ताकावर."

"ताक स्वस्त असतं, मास्तर. आणि पचतंही."

मास्तर हसले आणि सही करून गेले. जाताना दारातून मात्र एकदा वळून बघितलं त्यांनी, जसं काही घरात कुणाला एकटं ठेवून निघालेत.

आता तिच्या घरचं ऐका. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, स्वभावानं गमत्या, उठता बसता थट्टा. आणि एक मुलगी, सात वर्षांची, तिला घरात ठकू म्हणायचे. ठकूचं एकच दुखणं होतं, तिला आईवाचून राहता यायचं नाही. मागं एकदा आई दोन दिवस परगावी गेली, तर पोरीनं अन्न सोडलं, तापानं फणफणली आणि तापात दाराकडे तोंड करून पडली. आई परत आल्यावर अर्ध्या तासात ताप उतरला. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं होतं, आपण हिला सोडून कुठं जायचं नाही. पण ठरवलेलं नशीब ऐकतं थोडंच! तिच्या वडलांचा पाय घसरला आणि खुबा मोडला. दादा कामावर, वहिनी एकटी कुठंकुठं पुरणार? जायलाच हवं होतं, आणि तेही महिनाभर.

मग सुरू झाली सांभाळणारीची शोधाशोध. पहिली आली ती प्रेमळ होती, पण मोठ्यानं बोलायची. दुसरी छान गोष्टी सांगायची, पण डावखुरी. तिसरी तर नर्स होऊन गेलेली, हसरी, स्वच्छ. नवरा म्हणाला, "हिलाच ठेव. काय वाईट आहे हिच्यात?"

"उंच आहे."

"उंच आहे? अगं, आपल्याला मूल सांभाळायचंय, पडदे लावायचे नाहीत!"

"तुला नाही कळायचं. ठकूला फट जाणवता कामा नये. मी आहे की नाही हेच कळता कामा नये."

दुसरी कुणीही आई असती, तर तिनं एखादी मायाळू, निराळीच बाई शोधली असती आणि पोरीला सांगितलं असतं, ही मावशी, मी येईपर्यंत हिच्याजवळ राहा. पण हिचे डोळे वर्षानुवर्षं दोन रेघा एकावर एक ठेवून बसलेले. सवय कुठं सुटते?

शेवटी एक आली. पेठेमागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत राहायची. वयानं हिच्याएवढी, अंगानं हिच्याएवढी, चेहरा असा की वळलं की विसरून जावा. पगार इतका कमी सांगितला की नवरा आत येऊन कुजबुजला, "हिला हिशेब येत नाही वाटतं." सांभाळणारी खुर्चीच्या कडेला बसून बघत राहिली, ही दूध कसं फुंकते, वेणी कुठून घट्ट करते, "ठकू" म्हणताना कुठल्या अक्षरावर जोर देते.

आठवडाभर तिनं सांभाळणारीला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, दाखवायचा अवकाश, की त्या बाईला यायचं. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "अगं, माझा रुमाल कुठाय?" आणि स्वयंपाकघरातून उत्तर गेलं, "उशीखाली बघ, कायमचं तिथंच टाकतोस." त्यानं उशी उचलली, रुमाल घेतला आणि गेला कामावर. बदलीबाई तर तेव्हा बाथरूममध्ये होती. नळ बंद करून तिनं ते ऐकलं. तोच आवाज, तेच वैतागणं, 'कायमचं'वरची तीच ठेच. अंगावर सर्रकन काटा आला. पण लगेच मनाला म्हणाली, अगं, हेच तर हवं होतं तुला, आता का घाबरतेस? आणि ती चक्क खूश झाली. फट नव्हती. कुठं म्हणून फट नव्हती.

शेजारच्या काकूंना मात्र ते बरं वाटलं नाही. जिन्यात गाठून म्हणाल्या, "माय मरो नि मावशी जगो म्हणतात, ते ठीक आहे. पण मावशीनं मावशीसारखं दिसावं बाई!"

"काकू, तुम्ही पण ना!" म्हणून ती हसली. दुसऱ्या दिवशी ठकू शाळेत असतानाच निघाली, म्हणजे रडारड नको. पोरीला जाते म्हणून सांगितलंही नाही.

वडलांकडे कामाचा रगाडा होता. त्यांना उठवा, बसवा, चालवा, त्यांची चिडचिड ऐका. रोज संध्याकाळी ती घरी फोन करायची. पहिल्या दिवशी ठकू फोनवर नुसती रडली, शब्दच फुटेना. ऐकून हिचा जीव तुटला, पण खरं सांगायचं तर त्या तुटण्यात कुठंतरी सुखही होतं. आई म्हणून किंमत कळते ती अशाच वेळी. दुसऱ्या दिवशी रडणं कमी झालं. आठवड्यानं ठकू म्हणाली, "जेवतेय, नंतर बोलू?" नंतर कुणाचा फोन आला नाही.

मग एके संध्याकाळी फोन ठकूनंच उचलला.

"ठकू, मी बोलतेय गं."

मागं भांड्यांचा आवाज, आणि कुणीतरी हळू आवाजात गुणगुणत होतं. बदलीबाईला गायला यायचं नाही, घरात ती कधी गुणगुणायचीही नाही.

"कोण हवंय?" ठकूनं विचारलं.

"अगं, आई बोलतेय!"

"आई इथंच आहे," ठकू म्हणाली. अगदी सावकाश, कुणालातरी ऐकू जाईल अशा बेतानं. "चुकीचा नंबर लागला तुमचा." आणि फोन ठेवला.

तिनं पुन्हा लावला तर नवऱ्यानं उचलला, म्हणाला, "नंबर बघून लावत जा हो ताई," आणि हसला. आपल्याच नवऱ्यानं आपल्याला ताई म्हणावं! थट्टा असेल, तिनं स्वतःला समजावलं. त्याचा स्वभावच तो. तरी त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तडक निघून जावंसं वाटत होतं, पण वडील कॉटवरून पाय खाली टाकायलाही तिचाच हात धरत होते. अडकली बिचारी.

शेवटी ते काठी घेऊन अंगणापर्यंत जायला लागले आणि ती निघाली. भर दुपारी घराच्या दारात पोचली. दार उघडंच होतं. गच्चीच्या दोरीवर तिच्या साड्या वाळत होत्या, ज्या ती कपाटात घडी घालून गेली होती. ठकू जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. तिनं मान वर करून आईकडे बघितलं, बराच वेळ, आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

रविवार असल्यानं नवराही घरी होता. तो बाहेर आला. "हे काय, बॅग कसली?"

"कसली म्हणजे? गावाहून आले ना."

"कुठल्या गावाहून?"

"पुरे हं थट्टा. बाबा काठीनं चालायला लागले."

"माहितीये की. परवा दादाचा फोन आला होता, तूच तर बोललीस."

ती हसत होती. हसता हसता थांबली. त्याच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. थट्टा करताना त्याची डावी भुवई उडते, बारा वर्षांच्या संसारात ती कधी चुकली नव्हती. आता भुवई जागेवर होती.

"ती कुठाय?" तिनं विचारलं.

"कोण?"

"सांभाळणारी!"

"ती ठेवली कुठं आपण? तू जाणार जाणार म्हणालीस आणि नाहीच गेलीस. बरं झालं म्हणा. चहा टाकतेस का?"

तिनं फोन काढला आणि वहिनीला लावला. "पोचलीस का गं नीट?" वहिनीनं विचारलं. "बाबा सकाळपासून तुझंच नाव काढतायत." हुश्श! म्हणजे वेड लागलं नव्हतं. तिनं फोन नवऱ्याच्या हातात दिला, म्हणाली, विचार वहिनीला, मी कुठं होते ते. तो वहिनीशी मजेत बोलला, दोनदा हसला आणि फोन परत दिला.

"काय म्हणाली?"

"तू पोचल्याचं कळवलंस, बरं वाटलं म्हणाली."

"मग?"

"मग काय?" त्यानं कपाळ खाजवलं, जिभेवर आलेला शब्द हरवावा तसा क्षणभर उभा राहिला. "चहात आलं घाल थोडं," म्हणाला आणि आत गेला.

ठकूच्या गुडघ्याला पट्टी होती. कुठं पडलीस गं, विचारायला ती खाली बसली, तर आतून नवरा ओरडला, "अगं, तूच तर बांधलीस ना काल!" ठकू पेन्सिलीचं टोक जिभेला लावत राहिली.

पुढचे दिवस म्हणजे नुसता छळ झाला. घरात कुणी परकं नव्हतं, काही हरवलं नव्हतं, उलट सगळं जास्तच नीट होतं. डबे पुसलेले, ठकूची नखं कापलेली, नवऱ्याच्या शर्टाचं कित्येक महिने लोंबणारं बटण लावलेलं. काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "परवा तू दिलेलं मलम फार गुणाचं निघालं हो." ज्या काकूंना मावशीचं मावशीसारखं न दिसणं खुपलं होतं, त्याच या काकू! तिनं आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "मी असं कशाला म्हणेन? तुझ्या घरात मावशी आहेच कोण?" आणि नवरा अधूनमधून जेवताना म्हणायचा, "तुला बरं नाही का गं? मागच्या महिन्यात किती छान होतीस." तो प्रेमानंच म्हणायचा, हीच तर पंचाईत होती. भांडावं तरी कुणाशी? भांडायचं तर ते स्वतःशीच.

ऑफिसात मात्र तिची रजा रजाच होती. टेबलावर धूळ बसलेली, पोरांनी विचारलं वडील कसे आहेत. ती स्क्रीनसमोर बसली, पण निळी रेघ कुठली नि लाल कुठली हेच सुधरेना. एवढ्यात पोस्टमास्तर आले. महिना झाला होता.

"घ्यायचा ना तुमचा फंड परत?" तिनं विचारलं. "थांबा हं मास्तर, एक सांगते. तुमचा बदली फंड या महिन्यात बराच वर गेलाय. आता विकलात तर नफ्यावर कर बसेल, शिवाय जुन्याचं शुल्क. परत जाणं महागात पडेल."

"मग नको."

"नको? तुमच्या मंडळींनी निवडलेला फंड तो."

मास्तर ओशाळले. खिशातला चष्मा काढून उगीच पुसत बसले. "पहिला आठवडा फार वाईट गेला, बाई. अपराध्यासारखं वाटायचं. मग... आता खरं सांगू? आठवणच होत नाही. राहू दे आहे तेच. पदरी पडलं नि पवित्र झालं."

ते गेले आणि ती तशीच बसून राहिली. तिचेच शब्द तिच्या डोक्यात वाजत होते, हुबेहूब तोच घेतला तर तुम्ही गेलातच नाहीत. लोकांसाठी थोडी फट ठेवायची एवढी अक्कल होती तिला. घरी मात्र फट ठेवली नाही. म्हणून ती गेलीच नव्हती. महिनाभर लेकीवाचून तळमळली, त्याचा तोटा जगात कुठंच लागला नव्हता. तिला हुंदका आला आणि तिनं तो खोकल्यात लपवला.

अर्धा दिवस टाकून ती पेठेमागच्या गल्लीत गेली. आपल्याला काय हवं होतं हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. भांडायचं होतं, आभार मानायचे होते, की नुसतं बघायचं होतं की ती बाई खरोखर होती? इस्त्रीच्या दुकानावरची खोली. घरमालकीण जिन्यात गहू निवडत बसली होती. हिला बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आता कशाला आलीस? खोली दिली मी दुसऱ्याला."

"अहो, मी तिला भेटायला..."

"सांगून गेलीस ना, घर मिळालं, मुलगी मिळाली, आता येत नाही म्हणून? पेढ्याचा पुडाही दिलास. आणि मग परवा आलीस ती रडत. कोण गं मरायला आली परत त्या घरात? तीच ना, जिच्याबद्दल तू म्हणायचीस, खरी येईल, खरी येईल? मी म्हटलं, जागा भरली बाई, मी काय करू?"

"ती मी नाही हो. नीट बघा माझ्याकडे."

घरमालकिणीनं नीट बघितलं. चांगलं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिचा आवाज मऊ झाला. "बस घटकाभर. पाणी देऊ? पुन्हा हाकललं का त्यांनी तुला?"

ती पळाली. अक्षरशः पळत सुटली. रस्त्यात दुकानांच्या काचांत तिचं प्रतिबिंब तिच्याबरोबर धावत होतं आणि तिची तिकडे बघायची छाती झाली नाही.

घरी ठकू शाळेतून येऊन एकटीच बसली होती. किल्ली काकूंकडे असायची, त्यांनी दार उघडून दिलेलं. बदलीबाईनं चपला काढल्या, तोंडावर पाणी मारलं आणि दूध गरम करून फुंकून समोर ठेवलं. ठकूनं कप दूर सारला.

"आई, तू वेगळी आहेस."

सगळ्या जगात एकीला तरी कळलं! नवऱ्याला नाही कळलं, काकूंना नाही, त्या घरमालकिणीला नाही, आणि या एवढ्याशा पोरीला कळलं. ती मटकन खाली बसली आणि लेकीचे दोन्ही हात धरले.

"हो गं माझी बाय. मी वेगळी आहे. ती दुसरी होती. तुला ओळखू आली ना?"

"हो."

"केव्हा कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ती अजिबात तुझ्यासारखी नव्हती."

"अजिबात?"

"अजिबात नाही," ठकू म्हणाली. "आवाज काढायची तुझा, बाबा असले की. मग बाबा गेले की आम्ही दोघी हसायचो. मला ती म्हणाली होती, तुझी आई येणार आहे, तोपर्यंतच मी."

बदलीबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिला हसूही येत होतं. "मग वेडाबाई, बाबांना का नाही सांगितलंस? मला फोनवर का नाही सांगितलंस? मी धावत आले असते ना!"

ठकूनं खाली मान घातली. पट्टीची कड नखानं सोलत राहिली.

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तू आली असतीस. मग ती गेली असती."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बदलीबाईला वाटलं आपण ओरडावं, पोरीला गदागदा हलवावं, निदान विचारावं की मग तुझा तो ताप, ते दाराकडे तोंड करून पडणं, ते काय होतं? पण तिनं विचारलं नाही. तिला भीती वाटली, की पोर यालाही खरंखरं उत्तर देईल.

"परत येणार आहे का ती?" ठकूनं विचारलं.

"नाही माहीत."

"तू कुठं जाणार आहेस का?"

"नाही," ती म्हणाली. मग स्वतःच्याच आवाजाची लाज वाटत म्हणाली, "ती काय करायची गं, तू शाळेतून आलीस की?"

"काही नाही. इथं बसायची."

"आणि?"

"आणि माझ्याकडे बघायची. मी सांगत असले की."

"मी पण बघतेच की तुझ्याकडे."

"तू वेणी सुटली का बघतेस. डाग पडला का बघतेस." ठकू उठली. आईच्या खांद्याला धरून तिला भिंतीशी नीट बसवलं, तिचे हात मांडीवर ठेवून दिले, हनुवटी जराशी वर केली. मग समोर मांडी घालून बसली. "आता मी सांगते शाळेत काय झालं ते. तू नुसतं बघ."

ती सांगायला लागली. वर्गातल्या कुणाची बाटली कुणी लपवली, बाई काय म्हणाल्या. बदलीबाई जीव ओतून बघत होती. पोरीच्या कॉलरचं बटण तुटलंय हे तिला दिसलं, आणि दिसल्याबरोबर तिनं ते न बघण्याची शर्थ केली.

ठकू मधेच थांबली. तिनं आईचा चेहरा निरखला आणि मान हलवली.

"नाही. असं नाही," ती म्हणाली. "पुन्हा कर."

आणि बदलीबाई पुन्हा करायला लागली.